पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि शेजारी

वादग्रंथांना वाङ्मयाच्या पंक्तीत सहसा पाट मांडला जात नाही. कथा, काव्य, नाटक यांची पाने वाढून झाली म्हणजे उरलीसुरली जागा धर्मविषयक शंकासमाधानाच्या पुस्तकांस मिळाली तर मिळते. आणि तीही बहुधा त्या त्या पंथाच्या मासिकातच. याचे कारण उघड आहे. असे पुस्तक हाती घेणारा मनुष्य बहुधा आधीच एका पक्षाचा असतो, आणि लिहिणारा तर असतोच असतो. तेव्हा निकाल अगोदरच लागलेला असून उरते ते केवळ निकालपत्राचे वाचन. तथापि अशा लेखनात भाषेची, प्रामाणिकपणाची आणि माणुसकीची जितकी कसोटी लागते तितकी पुष्कळ कादंबऱ्यांतही लागत नाही, असे आम्हांस वाटते. म्हणूनच रोमन कॅथलिक पंथावर प्रॉटेस्टंटांनी घेतलेले नेहमीचे आक्षेप आणि त्यांस मिळणारी कॅथलिक उत्तरे यांचा मराठीपुरता परामर्श येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे. कोणता पंथ खरा, हा प्रश्न आमच्यापुढे नाही. उत्तर चांगले केव्हा ठरते, एवढाच आहे.

हा विषय सुचण्यास वसई कारण झाली. सन १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत सामवेदी कुपारी, वाडवळ, कोळी इत्यादी ज्या समाजांत कॅथलिक धर्म रुजला, त्यांत तो किल्ला पडल्यावरही टिकून राहिला. बोली मराठीच्या, वाड्या केळीच्या आणि पानवेलीच्या, आडनावे मात्र पोर्तुगीज, असा हा मुलूख आहे. आता वसई-विरार हे मोठे शहर झाले. निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्यांची कुटुंबे एका इमारतीत राहू लागली. आणि जो वाद पूर्वी पुस्तकात मिटून ठेवता येत असे तो जेवणाच्या ताटापाशी येऊन बसला. संध्याकाळी घरात रोझरी म्हटली जात असते, आणि दुसऱ्या एखाद्या प्रार्थनामंडळात जाऊन आलेला पुतण्या काकूला विचारतो, ‘‘काकू, ही मूर्ती कशाला? शास्त्रात तर मनाई आहे.’’ काकू म्हणते, ‘‘फादरांना विचार.’’ फादरांचे उत्तर बरोबर असेल. परंतु काकूपाशी स्वतःचे उत्तर नाही, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. जी श्रद्धा मनुष्य रोज आचरतो ती त्याला स्वतःच्या भाषेत सांगता येऊ नये, हे त्या श्रद्धेचे जितके दैन्य तितकेच त्या भाषेतील वाङ्मयाचेही आहे.

आपल्या शास्त्रकारांनी वादाची एक उत्तम शिस्त घालून दिली आहे. सिद्धान्ताआधी पूर्वपक्ष मांडावयाचा, आणि तो असा मांडावयाचा की प्रतिपक्षानेही ‘माझे म्हणणे याने माझ्यापेक्षा बरे सांगितले’ असे कबूल करावे. पूर्वपक्ष दुबळा ठेवला तर सिद्धान्तही दुबळाच निपजतो. नेहमीच्या शंकासमाधानाच्या पुस्तकांस ही कसोटी लावली असता निराशा होते. त्यांतील आक्षेपक इतका भाबडा असतो की पहिल्याच उत्तराला गप्प बसतो. प्रॉटेस्टंट प्रचारपत्रिकांतला कॅथलिक दगडापुढे डोके आपटणारा, तर कॅथलिक पुस्तिकांतला प्रॉटेस्टंट बायबलातील दोन वचने पाठ करून आलेला उपटसुंभ. अशी माणसे निर्मळला किंवा नंदाखालला राहत नाहीत, आणि मुंबईच्या प्रॉटेस्टंट वस्तीतही राहत नाहीत.

दुसरा दोष भाषेचा. हा वाद जन्माने युरोपीय आहे. लूथरने १५१७ मध्ये त्याला तोंड फोडले. १५४५ ते १५६३ या काळात ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने कॅथलिक पक्षाचे उत्तर बांधून दिले. मराठीत आक्षेप आला तो भाषांतरित होऊन, आणि उत्तरही आले ते भाषांतरितच. त्यामुळे दोन मराठी माणसे परस्परांशी बोलत आहेत असे न वाटता दोन दुभाषे बोलत आहेत असा भास होतो. मराठी शब्दांना स्वतःचे वजन, स्वतःची आठवण आणि स्वतःची फसवणूक असते, याचा विचार दोघांनीही फारसा केलेला दिसत नाही.

पहिला आक्षेप मूर्तींचा आणि संतांचा घेऊ. आक्षेप असा की, कॅथलिक लोक मरियेची आणि संतांची पूजा करतात. पूजा एका देवाचीच करावयाची असल्यामुळे हा मूर्तिपूजेचा दोष होय. यावर विद्वानांचे ठरलेले उत्तर असे की, देवाला जी आराधना द्यावयाची तिला लॅटिन परंपरेत ‘लात्रिया’ म्हणतात, संतांना जो मान द्यावयाचा त्याला ‘दुलिया’ म्हणतात, आणि मरियेचा मान संतांहून अधिक असला तरी आराधनेच्या जातीचा नव्हे. मूर्तीला दिलेला मान मूर्तीपाशी न थांबता ज्याची ती मूर्ती त्याला पोहोचतो, असा निर्णय ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या परिषदेने दिला. सिद्धान्त म्हणून हे उत्तर निर्दोष आहे. परंतु काकूला ‘दुलिया’ शिकविल्याने काकूची अडचण सुटत नाही. ती देवाची भक्ती म्हणते, पवित्र मातेची भक्ती म्हणते, संत अंतोनीचीही भक्तीच म्हणते. शब्द एक, म्हणून वस्तूही एक, असा पुतण्याचा निष्कर्ष निघतो.

वास्तविक या ठिकाणी मराठीने कॅथलिकांस लॅटिनपेक्षाही सोपे उत्तर देऊन ठेवलेले आहे. जुन्या वळणाचे पत्र आठवावे. मुलगा वडिलांस ‘तीर्थरूप’ लिहितो, शिरसाष्टांग नमस्कार घालतो, आणि पाकिटाला तिकीट लावून निश्चिंतपणे पेटीत टाकतो. वडिलांना त्याने तीर्थ म्हटले, कागदावर का होईना पण आठही अंगांनी दंडवत घातला. तरी त्याने वडिलांस देव मानले असे कोणी प्रॉटेस्टंट उपदेशकही म्हणणार नाही. गुरूंना आपण पूज्य म्हणतो, आईला दैवत म्हणतो. मानाचे शब्द आपण हात राखून वापरीत नाही. त्यांचा अर्थ नात्यावरून ठरतो. वसईत तर हे नाते अक्षरशः घरचे आहे. १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर मारला गेलेला आणि १८६२ साली संतपदास चढविलेला गोन्सालो गार्सिया हा वसईचाच. त्याच्या प्रतिमेला हार घालणारा वसईकर आपल्याच गावच्या थोर पोराला हार घालीत असतो. एवढे जरी काकूने सांगितले, तरी निम्मा वाद मिटावा.

पण निम्माच, कारण येथे खरा पूर्वपक्ष अजून उभाच राहिलेला नाही. शब्दकोशात काय भेद आहे याच्याशी विचारी प्रॉटेस्टंटाला कर्तव्य नसते. त्याची शंका अशी असते की, पुस्तकात ठेवलेला भेद गुडघे टेकणाऱ्याच्या मनात राहतो काय? आणि या शंकेच्या बाजूने मराठी भाषाच साक्ष देते. वांद्र्याच्या मोतमावलीला नवस बोलले जातात, मेणाचे हातपाय वाहिले जातात, आणि काम झाले म्हणजे लोक म्हणतात, ‘‘माउली पावली.’’ या वाक्याचा कर्ता कोण, ते पाहावे. उपदेशाच्या पुस्तकात मरिया आपल्यासाठी देवापाशी रदबदली करते. बोलण्यात तीच पावते. व्याकरणाने धर्मशास्त्राची चोरी पकडली आहे. आता याला प्रामाणिक उत्तर कोणते? ‘असे आमच्यात कोणी मानीतच नाही’ हे तर नव्हे. प्रामाणिक उत्तर ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्येच दिले होते: प्रतिमांच्या ठायी काही दैवी शक्ती आहे असे कोणी मानू नये, आणि या बाबतीत जे गैरप्रकार शिरले असतील ते काढून टाकावे. म्हणजे आक्षेपातील खरा अंश उत्तरपक्षाने आपल्याच निर्णयात लिहून ठेवला आहे. मराठी पुस्तिकांतून उत्तराचा पहिला अर्धा भाग मोठ्या अक्षरांत छापला जातो आणि हा दुसरा भाग गळतो. तो गळला की उत्तर वकिली होते. ठेवला की ते धार्मिक होते.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस उचित वाटत नाही. ‘आम्ही दगड पूजीत नाही, दगडाच्या द्वारा ज्याचे स्मरण होते त्याला मान देतो’, हे उत्तर मराठी वाचकाने पूर्वी कोठे तरी ऐकलेले आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली आले. १८३१ मध्ये विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला, आणि दांडेकरांनी आपल्या बाजूने ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक लिहिले. त्या आणि त्यानंतरच्या वादांत मूर्तिपूजेचे समर्थन करणाऱ्या शास्त्रीपंडितांचा एक मुख्य आधार हाच असे: उपासना पाषाणाची नव्हे, पाषाण हे केवळ साधन. म्हणजे प्रॉटेस्टंट आक्षेपापुढे वसईचा कॅथलिक आणि पुण्याचा शास्त्री हे दोघे एकाच बाकावर बसलेले दिसतात. बाक एक आहे हे दोघांनाही फारसे आवडत नाही.

आणि येथेच इतिहास मध्ये उभा राहतो. पोर्तुगीज अमलात हिंदूंची देवळे पाडली गेली, मूर्ती भंगल्या. आणि त्या कृत्यांचे समर्थन ‘हे लोक दगड पूजतात’ याच वाक्याने केले जाई. तेव्हा आज तेच वाक्य आपल्या अंगावर आल्यावर जो कॅथलिक ‘प्रतिमा हे निमित्त, मान मूळ व्यक्तीला’ असे म्हणतो, त्याने ही सवलत शेजाऱ्यालाही दिली पाहिजे. दोन धर्मांच्या उपास्यांत भेद आहे, असे तो खुशाल म्हणो. तो त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. पण शेजारी दगडालाच देव मानतो, असे म्हणण्याचा अधिकार त्याने स्वतःच्याच उत्तराने गमावलेला असतो. आमच्या मते चांगल्या उत्तराची ही दुसरी कसोटी होय. पहिली, आक्षेपकाचे म्हणणे त्याला पटेल असे मांडणे; दुसरी, आपण स्वतःकरिता मागितलेला न्याय भिंतीपलीकडच्या माणसाला नाकारता येऊ नये.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. कॅथलिक चर्चने पवित्र शास्त्र लोकांपासून दूर ठेवले, उपासना लॅटिनमध्ये कोंडली, असा तो आक्षेप आहे. यावरचे नेहमीचे उत्तर ऐतिहासिक असते. ज्या लॅटिन भाषांतराला नावे ठेवता, ते संत जेरोमने केले तेव्हा लॅटिन ही लोकांचीच भाषा होती. शतकानुशतके हस्तलिखिते उतरून ठेविली ती मठांतील संन्याशांनीच. आणि लूथरच्या आधी, १४६६ मध्येच, जर्मन भाषेतील बायबल छापून निघाले होते. ही सर्व विधाने खरी आहेत. परंतु ती जर्मनीची उत्तरे झाली. मराठी मनुष्य विचारतो, ‘‘मराठीचे काय?’’

मराठीचे उत्तर अर्धे अभिमानाचे आणि अर्धे कबुलीचे आहे. अभिमानाचे अर्धे म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट. त्यांच्या मायदेशात कॅथलिक पंथ पाळणे हाच गुन्हा झालेला होता. ते रोमला जाऊन संघात शिरले आणि १५७९ साली गोव्यास पोहोचले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा निघाले. दोन भागांत मिळून पंचाण्णव अध्याय आणि सुमारे अकरा हजार ओव्या. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंत बायबलाची कथा त्यात मराठी ओवीत, मराठी श्रोत्यांसाठी सांगितली आहे. स्वर्गाला वैकुंठ म्हणावयास या इंग्रज माणसाची जीभ अडखळली नाही. श्रीरामपूरच्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी मराठी नवा करार मोडी लिपीत छापला तो १८११ साली. म्हणजे शास्त्रातील कथा मराठीत आणण्याच्या कामी स्टीफन्स त्यांच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी होते.

कबुलीचे अर्धे असे की, पुराण म्हणजे भाषांतर नव्हे. पुराणकार कथा निवडतो, जोडतो, समजावून सांगतो. वाचकाच्या हाती मूळ वचन देत नाही. ते वचन मराठी माणसाच्या हाती ठेवण्याचे श्रम आधी प्रॉटेस्टंटांनी केले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. आणि ज्या स्त्रीने हे श्रम सर्वांत एकाकीपणे केले तिनेच भाषेचा आक्षेप सर्वांत मार्मिकपणे मांडला, हे आम्हांस विशेष वाटते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे अँग्लिकन जोगिणींच्या सहवासात झाला. त्या जोगिणी रोमन पंथाच्या नव्हत्या, तरी त्यांच्या चालीरीती पुष्कळशा त्या वळणाच्या होत्या. त्यांनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन शब्द होते. सिस्टर जेराल्डिन यांस लिहिलेल्या पत्रात रमाबाईंनी त्यावर हरकत घेतली. लॅटिन मला येत नाही, माझ्या देशबांधवांस येत नाही, मग संस्कृत का नसावे, अशी त्यांची पृच्छा होती. आणि ब्राह्मणांनी संस्कृतला जशी देवांची भाषा मानले तसेच तुम्ही लॅटिनला मानता की काय, असाही सवाल होता. संस्कृतचे सोवळे काय असते ते या बाईंना ठाऊक होते. हा आक्षेप विटेनबर्गहून आलेला नव्हता. कोकणस्थ घरात वाढलेल्या, वडिलांच्या तोंडून भागवत ऐकलेल्या स्त्रीचा तो होता. पुढे रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबल उतरविले. १९२२ साली त्या वारल्या, आणि ते १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनने प्रसिद्ध केले.

या आक्षेपाला कॅथलिकांनी दिलेले खरे उत्तर कोणत्याही पुस्तिकेत शोधू नये. ते १९६३ साली व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने लोकभाषेतील उपासनेला वाट मोकळी करून दिली तेव्हा मिळू लागले. वसईच्या चर्चांतून मिस्सा मराठीत होऊ लागली. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादन केले आणि २०१० साली ‘सुबोध बायबल’ मराठी वाचकांच्या हाती दिले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, म्हणजे आताच्या धाराशिवास, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले. रमाबाईंच्या प्रश्नास ‘तुमचा आक्षेप चुकीचा’ असे उत्तर त्यांनी दिले नाही. त्यांनी बायबल मराठीत दिले. आक्षेप पुरता मान्य करून त्याला निरुत्तर करण्याचा हा प्रकार आम्हांस सर्वांत श्रेष्ठ वाटतो.

तिसरा आक्षेप कृपेचा. प्रॉटेस्टंट म्हणतो, तारण श्रद्धेने आणि देवाच्या कृपेने होते. कॅथलिक व्रते, दाने, प्रायश्चित्ते यांनी ते विकत घेऊ पाहतो. याही ठिकाणी मराठी शब्दांनी गोंधळ वाढविला आहे. सत्कृत्याला ‘पुण्य’ म्हटले की आपल्यापुढे ताबडतोब एक खतावणी उघडते. एका बाजूस पाप जमा, दुसऱ्या बाजूस पुण्य जमा, आणि अखेरीस शिल्लक. कॅथलिक सिद्धान्त असा हिशेबी नाही. सत्कृत्य हेही कृपेचेच फळ, असे तो मानतो. पण शब्द खतावणीतला असल्यामुळे ऐकणाऱ्यास हिशेबच ऐकू येतो. विशेष हे की, या विषयावर युरोपातील उभय पक्षांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. लूथरपंथीय आणि कॅथलिक यांनी मिळून कबूल केले की, मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो तो कृपेने, आणि ती कृपा त्याला सत्कृत्यांकडे नेते. उरलेल्या मतभेदांकरिता एकमेकांस शापण्याचे कारण नाही. ज्यांनी भांडण लावले त्यांच्या वारसांनी ते पुष्कळसे मिटविले, आणि आमच्याकडे इमारतीच्या जिन्यात ते अजून सोळाव्या शतकाच्या आवेशाने चालते, याला काय म्हणावे? कृपेच्या बाबतीत तर मराठी माणसाने परदेशी पंचाकडे जाण्याचीही गरज नव्हती. स्वतःच्या पुण्याईचा भरवसा सोडून देवाच्या कृपेची वाट पाहणे हे तुकोबांच्या श्रोत्यांस शतकानुशतके ठाऊक आहे. प्रॉटेस्टंट नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्याच वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत. आणि वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी आपला प्रबंध लिहिला तो तुकोबांच्या ईश्वरानुभवावर. दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी देहूच्या वाटेवर भेटतात, हे त्यांच्या शंकासमाधानाच्या पुस्तकांत मात्र कोठे दिसत नाही.

येथे एक वाङ्मयीन तुलना करण्यासारखी आहे. स्टीफन्स यांच्या पुराणानंतर थोड्याच वर्षांनी, १६२९ साली, एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने गोव्यात संत पीटरच्या चरित्रावर मराठी पुराण प्रसिद्ध केले. त्याच्या पोर्तुगीज नावातच या देशातील लोकांच्या मुख्य चुकांचे खंडन करण्याचा हेतू सांगितलेला आहे. भाषा तीच, छंद तोच, संघही तोच. पण ख्रिस्तपुराण पिढ्यानुपिढ्या गोव्यात आणि मंगळूरकडच्या कॅथलिक घरांत वाचले गेले. छापील प्रती नष्ट झाल्यावरही हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळुरास जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापले. पीटरपुराण अभ्यासकांपुरते उरले. यास खंडनाचा हेतू हेच एक कारण, असे आम्ही म्हणत नाही. ख्रिस्ताच्या कथेची ओढच निराळी. परंतु खंडनाचे आयुष्य प्रतिपक्षाच्या आयुष्यावर अवलंबून असते, आणि कथा आपल्याच पायांवर चालते, हा नियम येथेही खरा ठरलेला दिसतो.

या कथेचा उत्तरार्ध तर अधिक गोड आहे. ख्रिस्तपुराणाची देवनागरी हस्तलिखिते लंडन येथील मार्सडेन संग्रहात पडून होती. त्यांकडे विद्वानांचे लक्ष १९२३ च्या सुमारास वेधले ते जस्टिन ॲबट यांनी, आणि हे ॲबट अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट! मराठी संतकवींची इंग्रजी भाषांतरे करण्यात ज्यांनी आयुष्याची अखेर घालविली, त्यांनाच कॅथलिक पुराण सापडावे हा केवळ योगायोग नव्हे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले, तेव्हा प्रॉटेस्टंट मराठी पुराणाकडे वळली. उलट वसईच्या कॅथलिकांनी बायबलाचे भाषांतर केले, तेव्हा कॅथलिक मराठी शास्त्राकडे वळली. एकाने दुसऱ्याचा आक्षेप पत्करला, दुसऱ्याने पहिल्याचे वाङ्मय पत्करले. दोन्ही पक्षांच्या वादग्रंथांनी जे साधले नाही ते त्यांच्या कवींनी आणि भाषांतरकारांनी, एकमेकांस न सांगता, साधले.

तरी मराठी शालेय पुस्तकांतून ख्रिस्ती वाङ्मय म्हणून जे भेटते ते बहुतेक एकाच बाजूचे असते. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’, टिळकांची कविता, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ही आपली आहेत असे मराठी मध्यमवर्ग मानतो, आणि ते योग्यच आहे. वसई मात्र त्याच्या नकाशावर किल्ल्यापुरती आणि विजयाच्या तारखेपुरती राहते. याचा काही दोष वाचकाकडे, पण काही वसईकडेही जातो. जो समाज आपल्या श्रद्धेची उत्तरे दीर्घकाळ परभाषेत पाठ करतो, त्याचे वाङ्मय स्वभाषेच्या वाचकास आपले वाटावे कसे? ‘दुलिया’चे लक्षण सांगणाऱ्या पुस्तकापेक्षा ‘माउली पावली’ या दोन शब्दांचा प्रामाणिक उलगडा करणारे एखादे पुस्तक वसईच्या लेखकांनी लिहावे, अशी आमची त्यांस विनंती आहे. ते पुस्तक कॅथलिकांस जितके उपयोगी पडेल तितकेच आम्हां इतरांसही. कारण नवस, पुण्य, कृपा, पावणे हे शब्द कोणा एका पंथाचे नाहीत.

निर्मळ गावाची आम्हांस या संबंधात वारंवार आठवण होते. तेथे हिंदूंचे जुने तीर्थ आहे, कार्तिकात यात्रा भरते. आणि त्याच गावात पवित्र क्रुसाचे चर्चही आहे. तेथल्या कॅथलिक घरात काकू पुतण्याला मूर्तीविषयी जे उत्तर देईल ते खिडकीतून यात्रेकरूच्याही कानावर पडणार. प्रतिमा ही स्मरणासाठी, मान मूळ व्यक्तीला, आणि आमच्यात ज्यांना हा भेद उमजला नसेल त्यांना आम्ही समजावू, असे ती म्हणाली तर पुतण्याला विचार करावा लागेल, आणि यात्रेकरू मान डोलावून पुढे जाईल. ‘आमची मूर्ती वेगळी, त्यांचा दगड’ असे म्हणाली तर कदाचित ती वादात जिंकेल. पण ज्या वाक्याने एके काळी देवळे पाडली आणि आज तिच्या घरातला क्रूस अडविला जात आहे, तेच वाक्य तिने पुन्हा जिवंत केलेले असेल. उत्तरे लिहिणाऱ्यांनी खिडकी उघडी आहे असे समजून लिहावे, एवढेच आमचे मागणे आहे.